शिल्लक कागद

एकसष्ट साली धुळ्याच्या कचेरीत
सतरा गठ्ठे कोरे फॉर्म शिल्लक होते,
माथ्यावर छापलेलं : जिल्हा पश्चिम खानदेश.
जिल्हा संपला होता, कागद संपला नव्हता.
रद्दीत घालायला साहेबाचा जीव होईना,
मग बापाला, लोटन धुडकूला, बसवलं खिडकीशी.
लाल शाईची एक रेघ, वर निळ्याने ‘धुळे’.
रोज तीनशे.
बाजाराच्या दिवशी दोनशेच, कारण गुळाचा चहा मिळायचा.

तो म्हणायचा, जळगावात बसून पूर्वेचा कोणी
हेच करत असेल, रेघ तीच, शाईही सरकारीच.
एकोणीसशे सहात गोऱ्यांनी एकाचे दोन केले
तेव्हाही कोणीतरी असेल असाच खिडकीशी,
‘खानदेश’च्या आधी बारीक अक्षरात
दिशा घुसवत बसलेला.
‘नाव बदलनं, पांझरा तठेच शे,’
म्हणायचा आणि दौत झाकायचा.

अठ्ठ्याण्णवच्या जुलैत मी नंदुरबारला आलो.
टेबल आलं, खुर्ची दिवाळीनंतर आली.
गठ्ठे मात्र आधीच येऊन बसलेले,
माथ्यावर ‘धुळे’.
मी हसलो नाही. पट्टी मागवली.
बापाची रेघ नुसत्या हाताने सरळ यायची,
माझी येत नाही.

परवा जेमीबाई वळवी आल्या, तळोद्याकडच्या.
प्लास्टिकच्या पिशवीत जन्माचा दाखला,
चार घड्या, मधोमध भोक.
रेघ नव्हती त्यावर.
ऑपरेटर पोराने यादी वरखाली केली,
अकोला, अमरावती, पार यवतमाळपर्यंत.
‘मावशी, असा जिल्हाच नाही.’
‘मग मी कुठं जन्मले?’
त्याने माझ्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

मी ड्रॉवरातलं लाल पेन काढलं.
कागद उजेडात धरला तेव्हा दिसलं :
‘पश्चिम’मधल्या ‘प’वर लाल ठिपका,
मसुराएवढा, वाळून काळपट झालेला.
टाक टेकवला होता तिथं.
बराच वेळ टेकवला असणार,
एवढी शाई उगाच झिरपत नाही.
आणि मग उचलला होता.

बापाने याबद्दल मला कधी काही सांगितलं नाही.
मी विचारलंही नसतं.

‘उद्या या,’ म्हणालो जेमीबाईंना.
उद्या रविवार होता.
त्यांना ते माहीत होतं, मला वाटतं;
पिशवी नीट घडी करून त्यांनी कमरेला खोचली
आणि तळोद्याची गाडी किती वाजता, एवढंच विचारलं.