नेढं

कॅम्पातल्या मडमेच्या झग्याला
पाठीवर बावीस हूक.
मीच लावले, एकेक, जिभेवर दोरा ओला करत.
तिचे हात तिथवर पोचत नाहीत,
घालायला एक माणूस लागतं, काढायला एक.
मला हसू आलं होतं तेव्हा.
माझ्या चोळीची गाठ पुढं असते,
मीच मारते, मीच सोडते,
शिंपी गेल्याला सतरा वर्षं झाली.

बसलिंग कंदीलवाला.
खांद्यावर शिडी, हातात घासलेटचा डबा.
डावा गुडघा कुरकुरतो त्याचा, शिडीही कुरकुरते,
कुठला आवाज कुणाचा
हे मी खडेबाजाराच्या वळणावरूनच ओळखते.
छप्पन्न खांब पेटवतो, माझ्या दारातला सगळ्यात शेवटी.
तो खांब खरं तर वाटेत दहावा.
हे आधी पानवाल्या हुसेनसाबनं हेरलं,
मग मी.

त्या साली थंडी फार होती,
रेल्वेचे रूळ टाकायला घेतलेले.
कर्नलच्या बंगल्यावर नाच, झगा उजाडायच्या आत हवा,
आणि सुई माझं ऐकेना.
थुंकी लावली, दोरा पिळला,
चुलीपुढं गेले, दारात आले,
खांबाखाली उभी राहून नेढं उजेडाला धरलं
तर वर शिडीवर तो.
"काय करूलाईस, सावंत्रक्का?"
"आंधळी होऊलालोय, बघ."
"आण इकडं. मी घालतो."

त्यालाही दिसेना.
सुई लांब धरली, आणखी लांब,
त्याचा एक हात, माझा एक,
आणि मागं आमची डोकी एकमेकांना टेकलेली.
अठ्ठेचाळीस आणि त्रेपन्न,
मिळून शंभराच्या वर,
एवढ्याशा भोकापुढं हरलेले.
आधी हसलो.
मग त्याच्या अंगाचा घासलेटचा वास
माझ्या दंडाला लागला
आणि हसू तिथंच राहिलं.

दोरा गेला की नाही आठवत नाही.
झगा सकाळी पोचला, म्हणजे गेला असणार.

मी म्हणाले, बा.
माझ्या भाषेत बा म्हणजे बाप,
त्याच्या भाषेत बा म्हणजे ये.
मी त्याच्या भाषेत म्हणाले.
घोळ नको म्हणून मनगट धरून म्हणाले.

त्यानं दिवा फुंकला, शिडी भिंतीला लावली.
आत आल्यावर नुसतं "सावंत्री" म्हणाला.
अक्का बाहेरच राहिली, शिडीपाशी.

गाठ सोडायला त्याला फार वेळ लागला.
काजळीनं चिरलेली बोटं, आणि गाठ माझ्या हातची, पक्की.
मी मदत केली नाही.
इतकी वर्षं न चुकता सोडली होती,
आता कुणी चुकावं, थांबावं,
अंधारात पुन्हा करून बघावं.

कंदिलाची काच पुसायची त्याची रीत
मी रोज दारातून पाहिलेली:
आधी तोंडाची वाफ,
मग फडकं, गोल गोल, घाई नाही.
त्या रात्री फडकं नव्हतं.
तीन बाळंतपणांनी सैल झालेलं माझं पोट
त्याच्या तळव्याखाली हळूहळू
ऊन होत गेलं.
त्याच्या पाठीवर शिडीचा घट्टा होता,
मी तिथं तोंड ठेवलं
आणि बरंच काही बोलले, निम्मं मराठीत.

लाज वाटली ती पहाटे, उठताना.
दोघांचे गुडघे एकदम वाजले.

मुनसिपालटीनं त्याला दोन आणे दंड केला,
दहाव्या खांबाचा दिवा रात्रभर विझलेला म्हणून.
त्यानं भरला.
मग पुन्हा भरला.
शिमग्यापर्यंत साडेतीन रुपये झाले.

मी हुकामागं एक पैसा वाढवून मागितला.
मडमेनं भुवई वर केली, एवढा कशाला?
म्हटलं, बाईसाब,
रात्रीचं काम आहे,
दिव्याचा खर्च येतो.