डावी बाजू

फियाट सुरू होते. पहिल्या सेल्फला नाही, तिसऱ्याला.
अडचण एवढीच
की ती कुठं वळणार हे सांगत नाही.
स्टिअरिंगखालची दांडी डावीकडे ढकलली की
लुळी पडते, झोपलेल्या लेकराच्या हातासारखी.

पुण्याहून फोनवर: अख्खा सेट घ्या, तोही पुढच्या मॉडेलचा.
मुंबईचा म्हणाला, चौसष्टची? जपा हं.
आणि ठेवून दिला.

म्हणून मंगळवार बाजार.
गोणपाटावर नळाच्या तोट्या, कुलपाविना किल्ल्या,
चष्म्याची एकच काडी.
गौसमोहिद्दीन नदाफांनी डालड्याच्या डब्यातून
सात स्विच काढले, सातही परक्या गाड्यांचे.
"ह्ये बसवा की. काय हुतंय?"

शेवटी अशोक चौकामागं अंबादास येमूल.
मागांचे फिटर, गाड्यांना हात लावत नाहीत.
तरी उघडला त्यांनी स्विच, चादरीच्या तुकड्यावर.
एक स्प्रिंग उडाली. ती शोधण्यात चहा निवला.
मग भिंगातून बघत म्हणाले,
"उजवी बाजू नवीकोरी हाय.
डावी पार खाल्लीय.
वडील काय डावीकडंच वळत हुते का?"

मला लगेच कळलं नाही.

आमच्या दारातून उजवीकडे बाजार, स्टेशन, सगळंच,
आणि सगळ्याच्या आधी गिरणीचं फाटक.
गिरणी बंद पडली त्या वर्षापासून
दादा डावीकडे वळायचे, मग पुन्हा डावीकडे,
आणि पुन्हा.
पेट्रोलवरून आई भांडायची.
"तिकडचा रस्ता खराब आहे," एवढंच
म्हणायचे विव्हिंग मास्तर.
मागच्या सीटवर आम्ही टिकटिक मोजायचो.

येमूलांनी मागाचा एक जुना पिकर घेतला,
धोट्याला फटके मारून मारून पिवळा पडलेला नायलॉन.
हॅक्सॉनं कापला, कानशीनं घासला,
फुंकर मारली, पुन्हा घासला.
दीडशे रुपये. स्प्रिंगचे पाच वेगळे.

आता दिवा लागतो, जरा सावकाश.
पण वळून झालं, चाक सरळ झालं,
तरी दांडी आपणहून मागं येत नाही.
"तेवढं हातानं आणा," म्हणाले.

शनिवारी मी दारातून उजवीकडे घातली.
फाटक नव्हतं. फाटकाचे दोन खांब होते,
एकावर शिकवणीची जाहिरात.
किती वेळ थांबले कोण जाणे.
मागून रिक्षावाला ओरडला,
"ओ अक्का, डावीकडं वळूलालाव
का नुस्तंच दाखवूलालाव?"