अठ्ठ्याहत्तर पौंड

व्हर्लिननं बायकोचा वजनकाटा
न्हाणीघरातून गॅरेजात आणला,
त्यावर चाक उभं केलं, टायरसकट.
अठ्ठ्याहत्तर पौंड.
"एवढा होता कोल्टन, चौथीत," तो म्हणाला,
आणि मग बराच वेळ नटबोल्ट मोजत बसला.

क्रोमची ही चाकं कोल्टनचीच पसंती.
ट्रकला शोभतात. पण शर्यतीत
शोभेचंही वजन भरतं.

हौद्यात चार पोती टाका,
ट्रक ती मुकाट वाहून नेतो.
चाकातलं वजन तसं गप्प बसत नाही.
त्याला पुढे न्या, वर गरगर फिरवा,
आणि जेवढं ते कडेला, टायरच्या घेरात,
तेवढं इंजिनच्या मानगुटीवर.

म्हणून शनिवारी, ओक्लाहोमातल्या त्या पट्टीवर,
दोन्हीकडे कापूस, मध्ये जळक्या रबराचा वास,
मी जॅक लावला, त्यानं उसनी चाकं चढवली:
अॅल्युमिनियमची, बुटकी,
एकोणपन्नास पौंडांची.

पिवळा, पिवळा, पिवळा, हिरवा.
गेल्या महिन्यात पंधरा पूर्णांक एकसष्ट.
आज पंधरा पूर्णांक बावीस.
शेजारच्या लेनमधली डेलाची निळी गाडी
बंपरभर मागे राहिली.
वेळेची चिठ्ठी त्यानं न वाचताच
खिशात घातली.

रात्री मैदान रिकामं झालं तरी
तो दिव्याखाली गुडघ्यांवर.
हलकी चाकं मी एका हातानं उचलून ठेवली.
जड चाकांना मात्र हात लावू देईना.
एकेक स्वतःच छातीशी धरून
परत बसवत होता.

"अरे, आता कशाला?"
"घरी जायला
घाई कुणाला आहे?"