धुमे आणि धुमे

पाटी त्यानेच रंगवली, होडीच्या उरलेल्या निळ्या रंगाने:
‘धुमे आणि धुमे. खासगी तपास. गुप्तता राखली जाईल.’
म्हापशात, बातीश्त शिंप्याच्या दुकानावर,
जिथे मी शिंकले तर
खाली कात्री थांबायची
आणि ‘जेजू!’ असं जिन्यातून वर यायचं.
एवढी आमची गुप्तता.

खूळ कॅसेटींचं. लंडनहून आतेभावाने
लोकरी स्वेटरांत गुंडाळून पाठवलेल्या नऊ.
जुनी इंग्रजी मालिका. नवरा-बायको, दोघंही गुप्तहेर.
तो कोटाला फूल लावतो, ती पर्सेत पिस्तूल ठेवते,
प्रेतं पडतात ऐन चहाच्या वेळेला, नेमकी गालिच्यावर,
आणि प्रेताच्या डोक्यावरून ती दोघं भांडत बसतात
किल्ली कुणी कुठे ठेवली म्हणून.
इंग्रजी मला अर्धं कळायचं. भांडण पूर्ण.
‘हे आपल्याला जमेल, कुमुद,’ तो म्हणाला,
‘प्रेत सोडून सगळं आहे आपल्याकडे.’

प्रेत काही येईना.
आला शिवोलीच्या बँडचा हरवलेला ट्रम्पेट:
विहिरीत सापडला. वाजवणाऱ्याच्या सासूने टाकलेला.
म्हातारीला शब्द दिला, वहीत लिहिलं, ‘गुन्हेगार: वारा.’
आली फेर्मिनाबाईच्या चोरीस गेलेल्या चोरिसांची माळ.
हे वाक्य अहवालात उतरवून
तो तीन दिवस स्वतःवरच खूश.
आसगावच्या एकाला बायकोचा संशय,
दुपारी जाते कुठे?
बावन्नाव्या वर्षी व्हायोलिन शिकत होती बाई.
नवऱ्याला सांगितलं, वाईट बातमी आहे, घरी वाजवणार आहे.
फी म्हणून दोन फणस.

पाळत त्याला कधीच जमली नाही.
ज्याच्या मागावर जावं तोच वळून विचारायचा,
‘धुमेबाब, खंय चल्ल्यात?’
आणि हा त्याला स्कूटरवरून घरी सोडून यायचा.

मग डॉक्टरने साखर तीनशेदहा सांगितली.
घरातला पहिला तपास माझा एकटीचा.
डब्यावर पेन्सिलीची रेघ मारली.
रेघ हलली नाही. वर साखर, खाली रवा.
शुक्रवारी बाजारात मागे लागले,
मडक्यांच्या ओळीतून, सुक्या मिरच्यांच्या ठसक्यातून,
छत्री कानापर्यंत ओढून.
बेकरीच्या मागच्या दाराशी उभा राहून
त्याने एक बोलिन्हा खाल्ला,
डोळे मिटून, देवळात उभं राहावं तसा.
मी रिक्षाने आधी घरी. भेंडी चिरत बसले.
तो आला, कागदाची पुडी ठेवली, म्हणाला,
‘साक्षीदारासाठी.’
मी खाल्ली. काय करणार, लाच गरम होती.

प्रेत मिळालं ते पुढच्या नोव्हेंबरात.
चहाच्या वेळेला, अगदी पुस्तकी.
गालिचा नव्हता. चटईवर.
आणि मी भांडले. खरंच भांडले,
त्या अंगावरून वाकून, मोठ्याने,
की कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस,
आता कागद मागतील, धोतर लागेल, सांग ना.
खाली कात्री थांबली होती.
त्या दिवशी जिन्यातून काही वर आलं नाही.

किल्ली त्याच्या वहीत होती, पानाला चिकटपट्टीने डकवलेली.
त्याच पानावर:
‘शुक्रवार, चार वाजून दहा. कुमुद मागावर.
छत्री काळी. चपला फटफट वाजतात.
कौशल्य बेताचं.
ओळखलं असं दाखवू नये.’

बेताचं!

परवा खोर्लीहून एकजण आला. शिडी हरवली म्हणे,
नारळ काढायची, मोठी, बावीस पायऱ्यांची.
म्हटलं, हरवते कशी एवढी शिडी?
तो म्हणाला, तेच तर.
पाटीवर अजून दोघं आहेत, त्यालाही ते दिसलं असणार,
पण काही विचारलं नाही बिचाऱ्याने.
बस म्हटलं त्याला. वही उघडली.
खाली जाताना बातीश्तला विचारलं,
रबरी चपला कुठे चांगल्या मिळतात रे?