तिसऱ्या दिवसाचा वास

भूषणनं बाटली आणली ती बनियनमध्ये गुंडाळून,
त्रेविझोहून मुंबई, मुंबईहून सावद्याला.
तिकडे तो शीतगृहांची यंत्रं बसवतो.
"मामी, प्रोसेको. फेसाची पांढरी.
सहा अंशांवर प्यायची."

सहा अंश!
माझ्या वखारीत केळी सोळावर पिकतात,
तेराच्या खाली गेली की काळी पडतात.
आणि पौषात विहिरीचं पाणी कोमट.
शेवटी ओल्या गोणपाटात बांधून
निंबाच्या फांदीला टांगली रात्रभर, उत्तरेच्या वाऱ्यात.
दोनदा उठून हात लावून आले,
ताप पाहावा तशी.

दुसऱ्या दिवशी मळ्यात भरीत.
पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात हिरवी पांढुरकी वांगी,
साल तडकली की वाफेची बारीक शिट्टी.
बडगीत मिरच्या, लसूण. केळीच्या पानावर कळण्याच्या पुऱ्या.
भूषण मोबाइलमधून वाचत होता, कशाबरोबर प्यावी:
कालवं, डुकराच्या मांडीचे पातळ काप,
मऊ चीज, तळलेली कोळंबी.
जगन्नाथ भोळे म्हणाले,
"यातलं सावद्यात काय मियते ते सांग."

बूच उडालं.
टिटव्या उठल्या तापीच्या अंगाला,
कुत्रा केळीत शिरला तो संध्याकाळपर्यंत आला नाही.

काचेचे पेले नव्हते.
स्टीलच्या फुलपात्रात बुडबुडे दिसत नाहीत,
म्हणून कानाशी धरलं.
तापलेल्या ढेकळांना दांडाचं पाणी पोचतं
तेव्हा जमीन अशीच बारीक बोलते.

अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिला घोट.
सासूबाई असत्या तर
आधी त्यांनीच मागितला असता.

ठेच्याबरोबर नको.
फेस आणि मिरची, सख्ख्या जावा एका चुलीशी,
जिभेवर नुसत्या टाचण्या.
शेवभाजीच्या काळ्या रश्शापुढं ती गप्पच झाली,
लग्नघरात चुकून आलेल्या पाहुणीसारखी.
पण भरीत:
आधी धूर, मग तेल, मग कांद्याच्या पातीचा करकराट,
वरून एक घोट,
आणि तेल निघून गेलं. धूर राहिला,
एकटा, स्वच्छ,
सकाळी विझलेल्या शेकोटीवरून चालत गेल्यासारखा.
"हे कुठल्याच यादीत नाही," भूषण म्हणाला.
केळीच्या खाऱ्या वेफर्सवर मात्र
कुणी काहीच बोललं नाही. पुडी संपली.
भोळ्यांनी कागद चाटला.

"आता नाक घाला मामी, काय येतंय?
इथं लिहिलंय हिरवं सफरचंद, नाशपाती, पांढरी फुलं."
ह्यांनी वास घेतला, म्हणाले, "सोडा हाये."
मी डोळे मिटले.

एकतीस वर्षं मी पहाटे वखारीचं दार उघडते
आणि दिवा लावायच्या आधी नाकानं हिशेब करते.
पहिल्या दिवशी ओलं पोतं, चीक.
दुसऱ्या दिवशी काही नाही, नुसती थंडी.
तिसऱ्या दिवशी घड अजून हिरवेच असतात,
देठाशी जेमतेम पिवळं,
तेव्हा एक वास येतो,
गोड नव्हे, गोडाच्या आधीचा,
सुताच्या धाग्याएवढा.
दुपारपर्यंत जातो.
मग नुसती केळी, कुणालाही कळतील अशी.

"केयी हाये यात," मी म्हणाले, "तिसऱ्या दिवसाची."

सगळे हसले.
ह्यांना तर ठसका लागला.
भूषण हसला नाही. मोबाइल खिशात ठेवला,
फुलपात्र नाकाशी धरून बसला, बराच वेळ,
जाळ खाली बसेपर्यंत.
"पिकलेली?"
"पिकायच्या बेतात."

सकाळी वखार उघडली. दुसरा दिवस होता.
वास नाही, नुसती थंडी.
जिभेच्या टोकाशी अजून काहीतरी फुटत होतं,
मोहरीएवढं.
मी दार लावून घेतलं.