खटका

पहिला खटका मी साबणात कोरला,
कपड्यांच्या निळ्या वडीत,
कर्वेनगरला, जेवणाच्या टेबलावर, रात्री दीडला.
वाफाऱ्याच्या यंत्राचं झाकण
धक्क्यानं उघडू नये,
उकळतं पाणी कुणाच्या मांडीवर सांडू नये,
एवढंच काम त्याचं.
सुरीनं एकेक पापुद्रा काढायचा, अंगठा टेकवायचा,
पुन्हा काढायचा.
अंगठ्याला जिथे बरं वाटलं
तिथे थांबले.

मी डावखुरी आहे
हे तेव्हा ध्यानातच आलं नाही.

रानवडे म्हणाले, मॅडम, खटक्याचे नव्वद पैसे जातात नगामागे.
लाख नगांचे किती होतात, तुम्हीच सांगा.
नव्वद हजार, मी सांगितलं.
पोराच्या पायावरच्या कातडीचे किती, हे नाही विचारलं.
दोन हप्ते यायचे असतात तेव्हा
माणूस असं विचारत नाही,
सुधारित ड्रॉइंग पाठवतो.
तरी दोनदा खटके उडालेच आमचे,
एकदा चिंचवडला त्यांच्या एसीत,
एकदा फोनवर, मी सिंहगड रोडच्या सिग्नलला, हेल्मेटच्या आतून ओरडत.

मग पिन काढली, स्प्रिंग काढली.
झाकणातूनच जीभ उगवावी तसा खटका उगवला,
एकाच साच्यात, एकाच दमात,
बिजागरी पोस्टकार्डाइतकी पातळ.
अकरा पैसे.
रानवडे बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले,
खटक्याकडे नाही.

भोसरीत इलाहीभाई मुजावरांनी
पोलाद कापून झाल्यावर
साच्यात बोट फिरवलं. डोळे मिटून, नाडी बघतात तसं.
मॅडम, हा अंगठ्याचा खड्डा
चार अंश तिरका आहे. असाच हवाय?
माझ्या पोटात गोळा.
वेल्डिंगनं भरायचं, पुन्हा कापायचं,
अठरा हजार, आणि चूक माझी, म्हणजे खिसाही माझा.
इलाहीभाईंनी पहिल्या ट्रायलचं झाकण उचललं,
अजून कोमट होतं,
दोनचार वेळा उघडमीट केली.
राहू द्या, म्हणाले. हाताला तिरकंच बरं लागतंय.
त्यांच्या उजव्या हातात चहाचा ग्लास होता.

पुढचं नेहमीचं.
दुसरा हप्ता टीडीएस कापून आला,
तिसऱ्याच्या वेळी साहेब दौऱ्यावर होते,
अजून आहेत.
खोक्यावर छापलं: जर्मन तंत्रज्ञान.
आमच्या सोसायटीत अजून विचारतात,
म्हणजे तुम्ही इंटिरिअर करता ना?
हो म्हणते कधीकधी. वेळ वाचतो.

परवा रविवार पेठेत गेले होते, बोहरी आळीत,
दुसऱ्याच एका कामासाठी बिजागऱ्या बघायला.
एका दुकानात बरण्यांच्या मागे तेच यंत्र,
पण रंग पोपटी, नाव भलतंच, किंमत निम्मी.
प्लास्टिक हलकं, कडांना धार राहिलेली,
इलाहीभाईंनी असा माल दारात उभा केला नसता.
अंगठा टेकवला.

चार अंश.

कुणीतरी, कुठेतरी, माझं झाकण कापून मोजलं होतं,
आणि इतक्या इमानदारीनं
की चूकसुद्धा उचलली.
राग यायला हवा होता. आला असेल थोडा.
पण खटका होता, ठेवला होता त्यांनी,
अकरा पैशांचा तो
त्यांना काढून टाकता आला असता.

चालतं का हो हे, मी विचारलं.
पळतं, दुकानदार म्हणाला. परत एक नाही आला.
एक द्या, म्हटलं. बिल द्या.
नाव काय घालू?

या वस्तूसंबंधी एकाही कागदावर
माझं नाव नव्हतं.
वैखरी आपटीकर, मी सांगितलं, सावकाश, सुट्या अक्षरांत.
त्यानं लिहिलं वैशाली.

खटकलं.
राहू द्या, म्हटलं,
आणि पिशवीत हात घालून,
पार भिकारदास मारुतीपर्यंत,
डाव्या अंगठ्यानं
उघडत राहिले, मिटत राहिले.