एकशे पंच्याहत्तर

रायबंदरच्या मिठागरात गुडघाभर उतरून
मी बाटलीत भरून आणली होती
गुलाबी, कुबट, जिवंत खारट राड.
रुझारमामा बांधावर विडी विझवत म्हणाले,
"मीठ सोडून गाळ व्हरता, बाय? शिकिल्लीं मनशां!"

साखर भरपूर, बाकी सगळ्याची टंचाई,
अशा हालात ठेवलं की त्या गाळातले जीव
पोटात प्लास्टिक साठवतात, चरबीसारखं.
तीन महिन्यांत अकरा ग्रॅम. पांढरी भुकटी,
तांदळाच्या पिठाहून जरा जड.

पुढचं काम वितळवायचं.
ताळगावच्या पठारावर, दार बंद करून,
दोन काचांमध्ये चिमूटभर.
एकशे साठला काही नाही.
एकशे सत्तरला कडा ओलसर दिसतात.
एकशे पंच्याहत्तर, गेलं.
सूक्ष्मदर्शकात नुसता काळोख,
कारण वितळलेल्याला दिशा नसते.

मग नव्वदवर आणून थांबायचं.
काळोखात एक ठिपका येतो.
तिथेच का, ते कुणी सांगत नाही.
तो गोल होत जातो, अंगावर काळी फुली,
ओंडक्याला असावीत तशी वलयं,
आणि समोरून दुसरा येतो.
एकाच वेळी निघालेल्या दोघांची हद्द सरळ पडते.
एक मागून आला असेल तर
बांध त्याच्याच अंगावर वाकतो.
हे मी तासन्‌तास पाहिलं आहे. चहा थंड झाला आहे.

आणि पुन्हा तापवलं,
पुन्हा काळोख केला, पुन्हा निववलं,
तर ठिपका नेमका त्याच जागी.
शेटगांवकर बाई म्हणाल्या, वितळात आठवण राहिली आहे.
अजून चढव. एकशे नव्वद, पाच मिनिटं. पुसली जाईल.

पुसली गेली.
पण एकशे नव्वदला साखळ्याही तुटतात,
मग परत येतं ते भलतंच, भुसभुशीत.
याचं विसरणं आणि याचं तुटणं
यांत बोटभरही अंतर नाही,
असं मी वहीत लिहिलं. मग खोडलं.
वहीत फक्त अंश लिहायचे असतात.

मार्चमध्ये पातळ पडदा दाबून
तळहाताएवढी पिशवी केली. दुधाळ, मऊ.
रुझारमामांना नेऊन दिली, तुमच्याच गाळाची म्हणून.
त्यांनी मूठभर मीठ भरलं,
आल्तारीशेजारच्या खिळ्याला अडकवली.

मे महिन्यात फोन.
"बाय, तुजी पोती फुटली. कोणेंच हात लावूंक ना."

सांगायला हवं होतं मी.
चार अंशांच्या खाली ते गप्प बसतं.
रायबंदरला चार अंश कुठून येणार?
भिंतीवर, उकाड्यात, माशांच्या घोंघावण्यात
ते रोज थोडं थोडं स्वतःला आवरत होतं,
सैल राहिलेली साखळी रांगेत बसवत होतं,
दोन स्फटिकांच्या फटीत तिसरा.
कुणी हात लावला नाही, हे खरंच आहे.
आवरता आवरता तडकलं.

मी गेले तेव्हा मिठाचा हंगाम संपत आला होता,
मानशीची फळी अर्धी वर.
मामांनी मीठ डब्यात काढून ठेवलं होतं
आणि पिशवीचे तुकडे कोंडीच्या चिखलात
टाचेने दाबून टाकले होते.
"ज्याचें ताका दिलें."
मी म्हटलं, एक तरी तुकडा हवा होता मला,
तापवून बघायला, किती घट्ट झाला होता.
ते वाकले, चिखल चाचपला, बराच वेळ.
मग हात धुऊन म्हणाले, मीठ घेऊन जा.

मीठ आठशे एकला वितळतं.
आमच्या भट्टीत तेवढा जोर नाही.
रात्री सोलकढीत टाकलं,
ढवळायच्या आतच ते दिसेनासं झालं.